झाकणाखालची घंटा

मेलेल्या माणसाच्या घरातून मदतीची घंटा वाजली, तर तुम्ही काय कराल?

लगेच छाती फुगवू नका. धावत जाईन, दार तोडीन, असलं काही मनात आलं असेल तर ते जरा बाजूला ठेवा. तुम्ही आधी म्हणाल, यंत्र बिघडलं. मग म्हणाल, बॅटरी उतरली. मग वरिष्ठांना फोन लावाल, आणि ते सोमवारी बघू म्हणाले की हुश्श करून चहा मागवाल. सगळे हेच करतात. जिची ही गोष्ट आहे तिनंही आधी हेच केलं, आणि तिला तर घंटा ऐकण्याचाच पगार मिळत होता.

ऑफिसात तिला घारताई म्हणायचे. नाव ठेवलं होतं दाढीनं. दाढी म्हणजे तिथला सर्व्हर सांभाळणारा इंजिनिअर. खोलीत आधी दाढी शिरायची आणि मागून तो, म्हणून त्याचं नाव दाढी. घारताई चाळिशी ओलांडलेली, काटक, चष्मा लावायची आणि बघायची मात्र चष्म्याच्या वरून. समोर भिंतभर पडदा, त्यावर शेकडो घरांच्या हिरव्या ओळी. एखादी ओळ हिरव्याची पिवळी व्हायला आणि हिची मान तिकडे वळायला एकच गाठ पडायची.

ही घरं एकट्या राहणाऱ्या माणसांची. बहुतेक म्हातारी. गळ्यात दोरीला एक बटण, भिंतीवर साबणाच्या डबीएवढं यंत्र. पडलो, छातीत दुखलं, काही झालं की बटण दाबायचं. दाबलं की कंपनीच्या खोलीत अलर्ट यायचा, यंत्रातूनच बोलता यायचं, आणि गरज असेल तर गाडी निघायची. घरात बराच वेळ कोणी हललं नाही, तरी यंत्र स्वतःहून कळवायचं. हे सगळं चालायचं क्लाउडवर. क्लाउड म्हणजे आभाळातलं काही नाही, उगाच वर बघू नका. कुठल्या तरी कुलूपबंद इमारतीत, दुसऱ्याच्या मालकीच्या, रात्रंदिवस घुमणाऱ्या मशिनी. आपल्या आईबापाचा जीव तिथं भाड्यानं ठेवलेला असतो, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

घारताई या कामावर शिकून आलेली नव्हती. आधी ती एका लिफ्टच्या कंपनीत होती, अडकलेल्या लोकांचे फोन घ्यायला. तिथं तिचे कान तयार झाले. शिव्या देणारा माणूस ठणठणीत असतो, हे ती तिथं शिकली. तो ओरडतोय, तुमच्या कंपनीला आग लावतो म्हणतोय, तोवर मेकॅनिकनं चहा संपवला तरी चालेल. तो गप्प झाला, की मेकॅनिकला कप हातातून काढून घेऊन पळवायचं. पुढे लिफ्टवाल्यांनी ती खोलीच बंद केली आणि तिच्या जागी रेकॉर्ड केलेला आवाज बसवला. आवाज फार गोड होता म्हणे. मेकॅनिकला पळवणं तेवढं त्याला जमायचं नाही.

घरी नवरा आणि सासूबाई. नवरा फ्रीज दुरुस्त करायचा, दिवसभर लोकांच्या स्वयंपाकघरात पालथा पडलेला. सासूबाईंना सुनेची नोकरी काय ती कधी नीट कळली नाही. अलर्ट आला की बघायचा आणि नको असेल तो गप्प करायचा, एवढं मात्र त्यांनी पकडलं होतं. "दिवसभर यंत्रांना गप्प करते आणि संध्याकाळी मला," असं त्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत. नवऱ्याचं म्हणणं निराळं. त्याच्या धंद्यात आवाज बंद झाला की फ्रीज मेला समजायचं, आणि बायकोच्या ऑफिसात आवाज बंद झाला की सगळे खूश, ही गंमत त्याला काही केल्या पचत नसे.

आता हे गप्प करणं काय, ते समजून घ्या, नाहीतर पुढचं कळणार नाही.

कधीकधी ॲप्लिकेशन मुद्दाम बंद ठेवावं लागतं. जुन्या मशिनीवरची माहिती नव्या मशिनीवर न्यायची असते, दुरुस्ती असते. याला ठरवून केलेला डाउनटाइम म्हणतात. नातेवाइकांना आधी कळवतात, दिवस आणि वेळ ठरते. पण ॲप्लिकेशन बंद पडलं की त्याच्यावर नजर ठेवणारी दुसरी यंत्रणा असते ती बोंब ठोकायला लागते. हे उत्तर देत नाही, ते सापडत नाही, सगळं मेलं. खोटं काहीच नसतं त्यात, फक्त ते आपणच केलेलं असतं. त्या गदारोळात एखादी खरी हाक बुडून जायची भीती. म्हणून त्या यंत्रणेला आधीच सांगून ठेवायचं, की अमुक अलर्ट अमुक वेळेपर्यंत वाजवू नकोस. घारताईच्या खोलीत याला झाकण घालणं म्हणत. झाकण घातलं तरी अलर्ट येतोच. पण तो खाली पडून राहतो, वाजत नाही आणि भिंतीवरच्या पडद्यावर दिसत नाही.

या झाकणांच्या बाबतीत ती खाष्ट होती. नवीन माणसानं सगळ्यावर मिळून एकच झाकण टाकलेलं दिसलं की त्याची खैर नसे. पातेल्यावर झाकण घालायला सांगितलं तर अख्ख्या स्वयंपाकघरावर चादर टाकतोस, म्हणून सगळ्यांदेखत झाडायची. डाउनटाइम म्हणजे बाकीच्यांना सुटी. पडदा शांत, मग कोणी पेंगायचं, कोणी मोबाइल बघायचं. ही मात्र झाकण उचलून आत बघत बसायची. जे खाली पडायला हवं तेच पडतंय ना, चुकून दुसरं काही त्यात गेलं नाही ना.

आणि तिसरी गोष्ट मुदतीची. झाकण कधी उठायचं ते लिहावंच लागतं. तो रकाना रिकामा सोडला तर यंत्रणा पुढं सरकू देत नाही. मग ज्याला कायमची कटकट नको असते तो तिथं पुढच्या शतकातली एखादी तारीख टाकतो आणि मोकळा होतो. पुढच्या शतकात कोण जाब विचारायला येणार आहे? असली झाकणं दिसली की घारताईच्या तळपायाची आग मस्तकात जायची. आणि असलं एक झाकण तिनं स्वतः घातलेलं होतं.

ते पंचकाकांच्या यंत्रावर.

पंचकाका उमेदीत मैदानावर पंच होते. बायको गेलेली, मुलगी दूरदेशी. रोज सकाळी शर्टाची बटणं लावता लावता त्यांच्या हातून गळ्यातलं बटणही दाबलं जायचं. इकडे अलर्ट. घारताई यंत्रातून विचारायची, काका, काय झालं? तिकडून हमखास उत्तर, "बाई, जिवंत आहे. शर्ट घालतोय." कधी लहर लागली तर जुनी शिट्टी वाजवून दाखवायचे आणि दाढी पलीकडच्या खोलीतून ओरडायचा, की काकांनी मलाच मैदानाबाहेर काढलं. पुढे पुढे तिला शंका यायला लागली, की हे चुकून दाबणं फारसं चुकून नाही. तिनं ती बोलून दाखवली नाही. काकांची तब्येत बिघडली की गाडी तीच पाठवायची, त्यामुळे पत्ता तोंडपाठ झालेला. पाण्याच्या टाकीमागची इमारत, चौथा मजला, लिफ्ट नाही.

एका सकाळी शर्टाचा अलर्ट आलाच नाही. त्याऐवजी आला, हालचाल नाही. गाडी पोचली तेव्हा काका खुर्चीत होते, अंगात अर्धा घातलेला शर्ट.

खातं बंद झालं. पण यंत्र कोणी काढून आणलं नाही. मुलगी आली तशी सगळं आवरून परत गेली, कंपनीचा माणूस जाणार जाणार म्हणत गेला नाही, आणि ते यंत्र बंद घराच्या भिंतीवरून रोज इमानानं कळवत राहिलं. हालचाल नाही. हालचाल नाही. घारताईला सकाळी आल्याआल्या ती ओळ दिसायची आणि घशाखाली चहा उतरायचा नाही. शेवटी साहेबच म्हणाले, झाकण घालून टाका. तिनं घातलं. मुदतीच्या रकान्यापाशी थांबली, आणि मग तीही पुढच्या शतकात गेली.

झाकण माणसाच्या नावावर पडत नाही, यंत्राच्या क्रमांकावर पडतं. हे तिला माहीत होतं. त्या दिवशी ते तिच्या डोक्यात आलं नाही.

मग तो रविवार. डाउनटाइम दुपारचा ठेवला होता, कारण दुपारी म्हातारी माणसं आडवी होतात आणि बटणं कमी दाबली जातात. खोलीत घारताई एकटी. पलीकडे काचेच्या भिंतीआड दाढी माहिती हलवत बसलेला. तिच्या टेबलावर चालू खात्यांचे पत्ते कागदावर छापून ठेवलेले, कारण बंद काळात बटणाचा अलर्ट नजर ठेवणाऱ्या यंत्रणेकडून येणार होता, पण यंत्रातून बोलता येणार नव्हतं. कोणाचं बटण वाजलं तर सरळ गाडीलाच फोन लावायचा, असं ठरलेलं. डाउनटाइम आता वाढत चालला होता, एक फाईल अडून बसली होती, आणि दाढी आपल्या मशिनीला आईबहिणीवरून बोलत होता. म्हणजे तो ठणठणीत होता.

भिंतीवरचा पडदा राखाडी झाला होता. हिरवं नाही, पिवळं नाही. रोज त्या ओळी लुकलुकायच्या, तेव्हा ती शेकडो घरं जवळपासच आहेत असं वाटायचं. आता कोणीतरी एका फुंकरीत सगळी विझवल्यासारखं झालं. एसीचा आवाजसुद्धा कुठूनतरी खालून येतोय असा यायला लागला. घारताईनं स्वेटर ओढून घेतलं, आपल्या छोट्या पडद्यावर झाकण उचललं आणि आत बघायला लागली.

खाली ठरल्याप्रमाणे ओळी पडत होत्या. उत्तर नाही. उत्तर नाही. जोडणी तुटली. उत्तर नाही. तिला त्यांची लय सापडली, डोळे जड व्हायला लागले.

मध्येच एक ओळ आली: बटण दाबलं.

ती सावरून बसली. कागदावर क्रमांक शोधायला गेली आणि कागद उचलायच्या आतच तिला तो आठवला. कागदावर तो सापडणार नव्हता. तो पंचकाकांचा होता.

तिनं चष्मा काढला, पुसला, घातला. पुन्हा ओळ. बटण दाबलं.

आधी सांगितलं ना, तिनं तेच केलं जे तुम्ही कराल. बॅटरी उतरत आली असेल, म्हणाली. मरणाऱ्या बॅटरीचं यंत्र भलतंसलतं बोलतं. मग खात्री करायला म्हणून ती त्या यंत्राच्या जुन्या ओळी मागं मागं सरकवत गेली. झाकण घातल्यापासूनच्या सगळ्या तिथं पडलेल्या होत्या, कोणी न वाचलेल्या. हालचाल नाही, हालचाल नाही, पानंच्या पानं. आणि मग एके ठिकाणी ते थांबलं होतं.

हालचाल आहे.

तिथून पुढे रोज. दिवस उजाडला की घरात हालचाल सुरू. आणि त्यानंतर थोड्याच वेळानं, रोज सकाळी, एकदा, बटण दाबलं. एकदाच. शर्ट घालताना दाबलं जावं तसं.

तिनं मागं वळून पाहिलं. मागं भिंत होती, तिला टेकवून ठेवलेली पाण्याची बाटली होती. कोणी नव्हतं. काचेपलीकडे दाढीचे ओठ हलत होते, आवाज येत नव्हता.

पण आजच्या ओळी रोजच्यासारख्या नव्हत्या. आज सकाळी हालचाल झाली होती, मग एकदम बंद. त्यानंतर बटण. मग बटण. पुन्हा बटण. मध्ये हालचाल नाही. आणि आता दोन बटणांमधलं अंतर वाढत चाललं होतं.

भूत असो नाहीतर बॅटरी, ही चाल तिच्या ओळखीची होती. लिफ्टमधला माणूस गप्प होत जातो तेव्हा असंच होतं.

तिनं साहेबांना फोन लावला. साहेब कुठंतरी जेवणाच्या पंगतीत होते, मागं भांड्यांचा आवाज. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. बॅटरी आहे, म्हणाले. सोमवारी माणूस पाठवून यंत्र काढून आणू, म्हणाले. तिनं रोज सकाळच्या बटणाचं सांगितलं तेव्हा ते जपून म्हणाले, "ताई, मेलेल्या माणसासाठी जिवंत माणसांची खुर्ची सोडू नका." यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. डाउनटाइममध्ये खुर्ची सोडायची नाही हा नियम तिनंच बसवलेला. त्या दुपारी दुसऱ्या कुणाचं बटण वाजलं आणि ऐकायला कोणी नसलं तर?

मग तिनं गाडीवाल्यांना फोन लावला. पलीकडची बाई सरावलेल्या आवाजात विचारत गेली. पत्ता सांगितला. मजला सांगितला.

"पेशंटचं नाव?"

घारताईनं नाव सांगितलं आणि खोटं बोलवेना म्हणून पुढचंही सांगितलं. "ते वारलेत."

"कधी? आत्ता?"

"नाही. बरेच दिवस झाले."

मग ती बाई अगदी मऊ स्वरात म्हणाली, "मग गाडी कोणासाठी पाठवू?"

घरात कोणी आहे का ते बघून कळवते, असं काहीतरी पुटपुटून तिनं फोन ठेवला. छोट्या पडद्यावर आणखी एक ओळ पडली. मग बराच वेळ काही पडलं नाही.

ती उठली आणि काचेपलीकडे गेली. दाढीला म्हणाली, अडलेली फाईल अडू दे, माझ्या खुर्चीवर येऊन बस, कागदावरचा कुठलाही क्रमांक दिसला की गाडीला फोन कर. दाढीनं तिलाच तिचा नियम ऐकवला. मग तिचं तोंड बघून त्यानं मशीन सोडली आणि येऊन बसला. झाकणाखालच्या त्या ओळी त्यानं वाचल्या. त्याला एखादा टोमणा सुचला असावा, पण तो त्यानं गिळला. "काका असले," एवढंच म्हणाला, "तर सांगा, मी मैदानात परत आलोय."

इमारत तिथून चालत जाण्यासारखी. भर दुपार, लख्ख ऊन, दुकानांची शटर अर्धी ओढलेली. इतक्या वेळा फोनवर सांगितलेला पत्ता ती आयुष्यात पहिल्यांदा पायानं गाठत होती. टाकी दिसली, टाकीमागची इमारत दिसली. जिना अरुंद, भिंतींना हात लागून लागून काळपट झालेल्या. दुसऱ्या मजल्यावर कोणीतरी रेडिओ लावला होता, तिसऱ्यावर तो ऐकू येईनासा झाला. चौथ्यावर समोरासमोर दोन दारं.

काकांच्या दाराला पाटी अजून त्यांचीच. दाराच्या वर दुधी काचेची पट्टी होती आणि त्या काचेपलीकडे एक तांबडा ठिपका लागत होता, विझत होता. यंत्र बोलत होतं.

तिनं बेल दाबली. बेल वाजली नाही. तिनं दार ठोठावलं आणि कान लावला.

आतून उत्तर आलं. ठक. ठक. वरून नाही, दाराच्या उंचीवरून नाही. खालून, जमिनीलगत.

घारताईचे पाय एक पायरी मागं गेले. हे तिनं नंतर कोणापासून लपवलं नाही. पळून जावंसं वाटलं, असं ती स्पष्ट सांगते.

तेवढ्यात समोरचं दार फटीएवढं उघडलं. एक बाई, केस पांढरे, हातात लाटणं नव्हे, टॉर्च. दिवसाढवळ्या टॉर्च. तिनं सांगितलं, तिथं कोणी राहत नाही, काका वारले. घारताईनं विचारलं, मग आत कोण ठोकतंय? बाई म्हणाली की ते असतं कधीकधी. पहाटे नळ सोडल्याचा आवाज येतो. दिवसा कोणी घोरल्यासारखं वाटतं. संध्याकाळी दार लोटल्याचा आवाज येतो आणि मग रात्रभर काही नाही. सगळ्या इमारतीला माहीत आहे. आधी आधी भीती वाटायची.

"मग काय केलंत?"

"काय करणार? टीव्हीचा आवाज मोठा करतो."

घारताईला त्या बाईचा संताप यायला हवा होता. आला नाही. टीव्ही काय आणि झाकण काय, करणी एकच. तिनं फक्त हात पुढं केला आणि विचारलं, किल्ली आहे का? काकांनी ठेवायला दिलेली किल्ली होती. ती इतके दिवस मसाल्याच्या डब्यांमागं पडून होती, कारण ती हातात घ्यायची त्या घरात कोणाची छाती नव्हती. किल्ली देताना त्या बाईनं ती पदरानं धरली.

दाराचं लॅच उघडलं. आत उन्हाचा पट्टा, नीट घडी केलेलं अंथरूण, खुर्चीवर कुठल्या तरी धुलाईच्या कारखान्याचा निळा कोट. काकांची खुर्ची तीच. स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, फरशीवर, एक बाई आडवी. पन्नाशीची असेल, साठीची असेल. एक पाय नको तिथून वळलेला. गळ्यात काकांचं बटण. हातात उलथनं, त्यानंच ती फरशीवर ठोकत होती.

गाडी येईपर्यंत घारताई तिच्या डोक्याशी बसून राहिली. फोनवर या वेळी सांगायला पेशंट होता, आणि तरीही नाव नव्हतं. तुमचं नाव काय, असं तिला त्या बाईला विचारावं लागलं. बाईनं थोडं थोडं करून सांगितलं. कारखान्यात रात्रपाळी, सकाळी घरी, दिवसा झोप. घरमालकानं खोली गुपचूप दिलेली, इमारतीत कोणाशी बोलायचं नाही या अटीवर. एकटी आहे म्हणून घाबरत होती, तर भिंतीकडे बोट दाखवून म्हणाला, हे घराबरोबरच येतं, बटण दाबलं की माणसं धावत येतात.

"म्हणून रोज एकदा दाबायचे," ती म्हणाली. "कामावरून आले की. कोणी बोलायचं नाही. पण म्हटलं, ऐकत असतील. ऐकणाऱ्याला रोज काय बोलायचं असणार?" मग घारताईच्या गळ्यातलं कंपनीचं ओळखपत्र तिनं निरखून पाहिलं. "तुमच्याकडे वाजत नव्हतं का?"

"वाजत होतं," घारताई म्हणाली.

"मग?"

लिफ्टपासून आजपर्यंत घारताईनं हजारो माणसांना फोनवर धीर दिला असेल. आज मध्ये फोन नव्हता. तिनं त्या बाईचा हात धरला. दारात समोरची बाई टॉर्च घेऊन उभी होती, आणि तो चालूच राहिला होता.

बाई वाचली. मांडीचं हाड मोडलं होतं, अंगातलं पाणी आटलं होतं. संध्याकाळपर्यंत तशीच राहिली असती तर वाचली नसती, असं डॉक्टर म्हणाले. घारताईच्या सासूबाई डबा घेऊन दवाखान्यात जायला लागल्या आणि तिथं सगळ्या वॉर्डाला आपल्या सुनेची नोकरी समजावून सांगायला लागल्या, चुकीचीच, पण मोठ्या आवाजात.

कंपनीनं खुर्ची सोडल्याबद्दल तिला पत्र दिलं. तिनं ते घेतलं, सही केली. मग विचारलं, की पुढच्या शतकात उठणारी अशी झाकणं किती आहेत. साहेबांनी विषय बदलला. तिनं बदलू दिला नाही. आवाज चढला, दाढी मध्ये पडला, आणि शेवटी साहेब खरं ते बोलले. ती झाकणं उचलली तर भिंतीवरचा पडदा मेलेल्यांच्या घरांनी भरेल, आणि पाहुणे आले की त्यांना तो पडदाच तर दाखवायचा असतो. घारताई म्हणाली, मग पाहुण्यांना पडद्याकडे पाठ करून बसवा.

आणि तिनं ती उचलली. एकेक करून, हातानं.

पडदा भरला. आता रोज सकाळी ती आली की समोर ती सगळी घरं असतात. हालचाल नाही, हालचाल नाही, खालपर्यंत. चहा उतरत नाही घशाखाली, पण ती पिते. माणसं पाठवून एकेक यंत्र भिंतीवरून उतरवून आणते आणि एकेक ओळ मिटते. बरंच काम झालंय.

एक ओळ मात्र मिटत नाही. त्या ओळीत लिहिलं आहे, हालचाल आहे. रोज असते. कधी बटणही दाबलं जातं, दुपारी बहुधा. त्या यंत्राचं खातं फार जुनं. खातं बंद झालं की ठरावीक काळानं नाव-पत्ता पुसून टाकायचा, असा नियम आहे, आणि तो नियम पाळला गेला. यंत्र कोणाच्या घरी लावलं होतं हे आज जगात कोणालाही सांगता येत नाही. घारताई यंत्रातून बोलायचा प्रयत्न करते. खात्याशिवाय आवाज जात नाही. तिला फक्त एवढं दिसतं, की कुठंतरी एका खोलीत कोणीतरी चालतंय, थांबतंय, आणि मधूनच विचारतंय, कोणी आहे का.

ते घर तुमचं असू शकतं. तुम्ही भाड्यानं घेतलेलं, विकत घेतलेलं, मावशीनं मागं ठेवलेलं. कपाटाआड, कॅलेंडरखाली, रंगाच्या थराखाली बघा. भिंतीवर साबणाच्या डबीएवढं काही असेल आणि त्यावर बारीक दिवा लागत असेल, तर त्याच्या पाठीमागे क्रमांक कोरलेला असतो. तो आजच आम्हाला कळवा. कोणीतरी त्या ओळीसमोर बसलेलं आहे.